चलांचे नामकरण आणि संख्याशास्त्रीय आज्ञावलीतील मूक त्रुटी

ठाणे जिल्ह्यातील नागरीकरणाच्या अभ्यासात ‘कल्याण-डोंबिवली’ हे नाव अटळ आहे. ‘आर’ या संख्याशास्त्रीय आज्ञावलीला मात्र त्यातील संयोगचिन्ह वजाबाकीचे वाटते. एखाद्या सारणीत कल्याण, डोंबिवली आणि कल्याण-डोंबिवली असे तीन स्तंभ आहेत असे मानू. सर्वसाधारण पद्धतीने फाईल वाचताना आज्ञावली तिसऱ्या नावातील संयोगचिन्हाच्या जागी टिंब घालते. संशोधक प्रतिगमनाच्या सूत्रात मूळ नावच लिहितो आणि त्याचा अर्थ ‘कल्याण घ्या, डोंबिवली वगळा’ असा लावला जातो. सहगुणक मिळतात, त्रुटीसंदेश येत नाही. डोंबिवलीचा स्वतंत्र स्तंभ नसता, तर आज्ञावलीने ते नाव सापडत नसल्याची तक्रार केली असती व चूक तेथेच उघड झाली असती.

अशा दोषाचा शोध सूत्रापासून नव्हे, तर नावांपासून सुरू करावा लागतो. आज्ञावलीने प्रत्यक्षात कोणती नावे नोंदविली आहेत, याची यादी छापून पाहिली की टिंब दिसते. संयोगचिन्हाऐवजी अधोरेषा वापरणे हा सोपा उपाय होय. (ही अधोरेषाही ‘आर’मध्ये नावात चालू लागली ती 2004 पासून, तत्पूर्वी ती मूल्य देण्याचे चिन्ह होती.) संशोधनपद्धतीच्या अध्यापनात कोणती कसोटी केव्हा लावावी याची चर्चा भरपूर होते, नावे कशी द्यावीत याची जवळजवळ होत नाही.

तथापि अधोरेषेने चिन्हाचा प्रश्न मिटतो, अर्थाचा नाही. जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 11.93 लाख, तर 2011 मध्ये सुमारे 12.47 लाख होती. दशकातील वाढ जेमतेम साडेचार टक्के! डोंबिवली स्थानकावरील गर्दी पाहणाऱ्या कोणालाही हा आकडा पटणार नाही. कारण असे की 2002 मध्ये 27 गावे महानगरपालिकेतून वगळण्यात आली. ती 2015 मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. चलाचे नाव तेच राहिले, हद्द बदलली. येथे आज्ञावलीला दोष देता येत नाही. तिने दिलेल्या दोन संख्यांची तुलना अचूक केली.

‘ठाणे’ या नावाची स्थिती याहून बिकट आहे. ते शहराचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचेही नाव आहे. शिवाय 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याच्या 1 कोटी 10 लाखांत वसई, डहाणू आणि जव्हारही मोजलेले आहेत.