‘जनक’ या पदवीची मर्यादा : कपानी आणि काओ

वैज्ञानिकाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ‘जनक’ ही पदवी सर्रास योजिली जाते. प्रकाशतंतूंच्या शास्त्रात ती दोघांना बहाल झाली आहे : मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी (1926–2020) आणि शांघायचे चार्ल्स काओ (1933–2018). 2009 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा काओंना मिळाला, तेव्हा कपानींवर अन्याय झाल्याची भावना भारतात व्यक्त झाली. हा वाद बव्हंशी एका रूपकावर उभा आहे. पितृत्व एकाचेच असते. शोधाचे तसे नसते.

कपानींपुढील प्रश्न प्रतिमेचा होता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेली. तो निबंध ‘नेचर’च्या 2 जानेवारी 1954 च्या अंकात आला, तंतूला कमी वक्रीभवनांकाचे आवरण देण्याची फान हेल यांची कल्पनाही त्याच अंकातली. पुढे 1960 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखाद्वारे कपानींनी ‘फायबर ऑप्टिक्स’ ही संज्ञा रूढ केली. विद्याशाखेला नाव देणे हे गौण कार्य नव्हे. नावावाचून विखुरलेले प्रयोग एका शास्त्रात गोळा होत नाहीत.

काओंपुढील प्रश्न अंतराचा होता. तत्कालीन तंतूंत किलोमीटरला सुमारे 1000 डेसिबल ऱ्हास होई. म्हणजे 20 मीटरांतच प्रकाशाचा शंभरावा अंश उरे. हार्लो येथील प्रयोगशाळेत काम करीत असता 1966 साली काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी प्रतिपादन केले की, हा दोष काचेच्या प्रकृतीचा नसून तीतील अशुद्धींचा आहे. ऱ्हास 20 डेसिबलवर आणल्यास तेवढाच अंश किलोमीटरअंती उरेल आणि दूरसंचार साधेल. 1970 मध्ये कॉर्निंगच्या मॉरर, केक व शुल्ट्झ यांनी त्याहूनही कमी ऱ्हासाचा तंतू सिद्ध केला.

तो तंतू काओंनी घडविला नाही. दूरसंचारास आवश्यक ती मर्यादा कपानींनी ठरविली नाही. नोबेल समितीचे शब्दही प्रकाशीय दळणवळणापुरतेच होते. समग्र शास्त्राचे पितृत्व त्यांत कोठेही नाही. तो विस्तार नंतरच्या चरित्रलेखनाने केला. सबब ‘जनक कोण?’ हा प्रश्नच सदोष ठरतो. कोणी कोणता प्रश्न उभा केला आणि त्याला कोणते माप दिले, ही पृच्छा केल्यास दोघांचेही श्रेय अबाधित राहते. फान हेल व कॉर्निंगचे संशोधकही विस्मृतीत जात नाहीत.