भूमीचा हिशेब आणि मार्क्स

भांडवलशाहीचें ऐतिहासिक कार्य काय, या प्रश्नास कार्ल मार्क्सच्या ग्रंथांत एक नव्हे, दोन उत्तरें सांपडतात. अनुयायी बहुधा पहिल्यावरच थांबतात. म्हणून दुसऱ्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

१८४८ च्या साम्यवादी जाहीरनाम्यांत मार्क्स व एंगल्स यांनीं भांडवलदार वर्गाच्या पराक्रमाचें केलेलें वर्णन भाटासही लाजवील असें आहे. सरंजामशाही मोडून या वर्गानें यंत्रें, आगबोटी व आगगाड्या यांच्या बळावर निसर्गशक्तींस राबविलें, याचें तेथें कौतुकच आहे. १८५३ सालीं, मुंबई-ठाणें आगगाडी धांवूं लागली त्याच वर्षीं, ही आगगाडी हिंदुस्थानांत आधुनिक उद्योगधंद्यांची अग्रदूत ठरेल, असें भाकीतही मार्क्सनें केलें.

परंतु १८६७ सालीं निघालेल्या 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडांत सूर पालटतो. मध्यंतरीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचें लेखन मार्क्सनें अभ्यासिलें होतें. धान्य शहरांत जातें, पण त्यांतील सत्त्व मातीस परत मिळत नाहीं. ही तूट भरण्यासाठीं इंग्लंडास पेरूच्या बेटांवरून पक्ष्यांच्या विष्ठेचें खत जहाजें भरभरून आणावें लागलें. भांडवली शेती मजूर आणि भूमि या दोघांसही नागविते, हा मार्क्सचा निष्कर्ष होय.

जॉन बेलामी फॉस्टर यांनीं २००० सालच्या आपल्या ग्रंथांत या दुसऱ्या मार्क्सचा साक्षेपानें पुरस्कार केला, हें स्तुत्यच आहे. तथापि त्यामुळें पहिला पुसला जात नाहीं. भांडवलशाहीनें घर बांधावें आणि कामकऱ्यांनीं त्याचा ताबा घ्यावा, हा हिशेब वरवर सोपा दिसतो. पण घराबरोबर आटलेली विहीरही वारशानें येते, हें त्यांत धरलेलें नाहीं. सोव्हिएत संघानें १९६० नंतर अमूदर्या व सीरदर्या या नद्यांचें पाणी कापसाकडे वळविलें आणि अरल समुद्र बहुतांशीं आटला. तेथें भांडवलदार नव्हता. निसर्ग जिंकण्याची श्रद्धा मात्र होती. मालक बदलल्यानें भूमीचें ऋण फिटत नाहीं, हाच याचा अर्थ.

मार्क्सच्या निधनानंतर १८९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडांत एक विचार आहे: कोणताही समाज भूमीचा मालक नव्हे, केवळ वहिवाटदार; चांगल्या कुटुंबप्रमुखाप्रमाणें त्यानें ती सुधारून पुढील पिढ्यांच्या हातीं द्यावी. मार्क्सचें जें टिकेल त्यांत या विचाराचें स्थान, आमच्या मतें, जाहीरनाम्याच्याही वर आहे.