घरचे स्पॅनिश, वर्गातले स्पॅनिश

अमेरिकेतल्या विद्यापीठात स्पॅनिश हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्याचा रस्ता साधारण ठरलेला असतो. पहिली दोन वर्षे व्याकरण, संभाषण आणि निबंध. त्यानंतर साहित्य, आणि तेही दोन कप्प्यांत: एक स्पेनचे, दुसरे स्पॅनिश अमेरिकेचे. पहिल्यात ‘सिद’च्या महाकाव्यापासून ‘लासारिल्यो’, थेर्वान्तेस असे करत लोर्कापर्यंत यायचे. दुसऱ्यात विजयवीरांच्या बखरींपासून सोर ख्वाना आणि रुबेन दारीओ यांच्यामार्गे बोर्खेस, रुल्फो, गार्सिआ मार्केसपर्यंत. भाषा शिकवणारे बहुधा कंत्राटी अध्यापक किंवा संशोधन करणारे विद्यार्थी असतात, तर साहित्य शिकवणारे प्राध्यापक. या दुमजली रचनेवर ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ने २००७ साली एका अहवालात टीका केली होती. खालचा मजला आणि वरचा मजला यांचे एकमेकांशी बोलणेच होत नाही, असा तिचा रोख होता.

या जिन्यावर सगळ्यात विचित्र अनुभव कोणाला येत असेल, तर घरी स्पॅनिश बोलत वाढलेल्या मुलाला. टेक्सास किंवा न्यू मेक्सिकोच्या खेड्यातला मुलगा ‘मी आणले’ या अर्थी ‘त्रुखे’ म्हणतो. आजी तसेच म्हणत असते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्याखाली लाल रेघ येते, कारण प्रमाण रूप ‘त्राखे’. ‘मेस्मो’ चूक, ‘मिस्मो’ बरोबर. मुलगा सुधारतो. चौथ्या वर्षी ‘दोन किहोते’ हाती येते, तर त्यात पानोपानी ‘मेस्मो’ आहे, आणि आणण्याच्या क्रियापदाची ‘त्रुखो’, ‘त्रुखेरोन’ अशी आजीच्या घराण्यातली रूपे आहेत. खाली टीप असते: जुने रूप. म्हणजे एकच शब्द खालच्या मजल्यावर अशुद्ध ठरतो आणि वरच्या मजल्यावर अभिजात. मधल्या दोन वर्षांत मुलाने तो टाकून दिलेला असतो.

हा योगायोग नव्हे. त्याला इतिहास आहे. अमेरिकेत स्पॅनिशच्या शिक्षणाला बळ आले ते पहिल्या महायुद्धामुळे. १९१०च्या सुमारास तिथल्या माध्यमिक शाळांतले जवळपास एक चतुर्थांश विद्यार्थी जर्मन शिकत. अमेरिका युद्धात उतरली आणि जर्मन ही शत्रूची भाषा झाली. १९२२पर्यंत तिचे विद्यार्थी एका टक्क्याहूनही खाली आले. रिकाम्या जागेत स्पॅनिश शिरली, कारण दक्षिण अमेरिकेशी व्यापार वाढेल अशी आशा होती. १९१७ साली स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पाठोपाठ तिचे ‘हिस्पानिआ’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या अंकांतून एक प्रश्न चर्चेला येत राहिला: उच्चार कोणाचा शिकवायचा, कास्तीयचा की अमेरिका खंडातला? टेक्सासमधल्या शेतमजुराचा उच्चार शिकवावा का, असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसावा. १९१८ साली टेक्सासच्या विधिमंडळाने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. वरच्या इयत्तांत परकी भाषा म्हणून ती शिकवायला मात्र सूट होती. स्पॅनिश परकी असेल तर विषय, घरची असेल तर अपराध! मैदानात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होण्याचे प्रकार पुढे कित्येक दशके चालले.

या सगळ्यात ऑरेलिओ एस्पिनोसा यांचे स्थान मोठे गुंतागुंतीचे आहे. ते स्वतः दक्षिण कोलोरॅडोतल्या स्पॅनिशभाषक कुटुंबातले. न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिशवरच्या प्रबंधासाठी त्यांना १९०९ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे ते स्टॅनफर्डला प्राध्यापक आणि ‘हिस्पानिआ’चे पहिले संपादक झाले. ज्या रूपांना गावंढळ म्हटले जाई ती त्यांनी शास्त्रशुद्धपणे नोंदवली. लोकगीते, कथा, म्हणी गोळा केल्या. हे काम थोर आहे. पण या सामग्रीचे मोल त्यांनी ठरवले ते ती जुन्या स्पेनचे अवशेष जपते म्हणून. आजीचा ‘त्रुखे’ सन्माननीय ठरला तो सोळाव्या शतकातला म्हणून; आजीचा म्हणून नव्हे. आणि तिचाच ‘त्रोका’, म्हणजे इंग्रजी ‘ट्रक’वरून आलेला शब्द, तो तर कुठल्याच शतकातल्या स्पेनचा नव्हता. त्याचे काय करायचे?

‘त्रोका’चे काय करायचे हे १९७१ साली एका छोट्या पुस्तकाने दाखवून दिले. तोमास रिवेरा यांच्या त्या पुस्तकाचे नाव ‘…इ नो से लो त्रागो ला तिएर्रा’. मराठीत सांगायचे तर ‘…आणि धरणीने त्याला गिळले नाही’. आपल्याकडे धरणी पोटात घेते ती सीतेला, मायेने. लाज वाटली की आपणच तिला तशी विनवणी करतो, आणि स्पॅनिश माणूसही लाजेच्या क्षणी असेच म्हणतो. रिवेरांच्या पुस्तकात मात्र धरणीचे हे गिळणे शिक्षेचे आहे. देवाला शिव्या दिल्यास तर जमीन तुला गिळेल, असा धाक मुलाला घातलेला असतो. काका-काकू क्षयाने गेलेले, वडील शेतात उन्हाने कोसळलेले. धाकटा भाऊही तसाच कोसळतो तेव्हा मुलगा खरोखर देवाला शिवी देतो. जमीन घट्टच राहते. दुसऱ्या दिवशी तो तिला लाथ मारून पाहतो.

रिवेरा १९३५ साली टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीत जन्मले. आईवडील पिकांमागे फिरणारे मजूर. हंगाम आला की कुटुंबे ट्रकमध्ये उभी राहून आयोवा, मिनेसोटाकडे बीट आणि भाजीपाल्याच्या शेतांवर जात. रिवेरा त्यातच वाढले, शिकले, शाळेत इंग्रजी आणि स्पॅनिश शिकवू लागले, आणि १९६९ साली ओक्लाहोमा विद्यापीठातून त्यांनी रोमान्स साहित्यात डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता लेओन फेलिपे, यादवी युद्धानंतर मेक्सिकोत निर्वासित म्हणून राहिलेला स्पेनचा कवी. हा तपशील समीक्षक पटकन ओलांडून जातात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाचे कौतुक करणारे त्याला मजुराची अस्सल वाणी म्हणतात. वाणी मजुराची आहेच, पण मांडणी विद्यापीठात भरपूर वाचलेल्या माणसाची आहे. दोन्हींपैकी एक काढून घेतले तर हे पुस्तक उरत नाही.

मांडणी अशी: बारा कथा, त्यांच्या आगेमागे दोन चौकटीचे तुकडे, आणि मध्येमध्ये काही ओळींच्या निनावी नोंदी. सुरुवातीच्या ‘हरवलेले वर्ष’मध्ये एका मुलाला कोणीतरी हाक मारल्यासारखे वाटते. वळून पाहतो तर हाक मारणारा तो स्वतःच. शेवटच्या ‘घराखाली’मध्ये हा मुलगा कोणाच्या तरी घराच्या लाकडी जमिनीखाली, पिसवांचे चावे सहन करत, अंधारात पडलेला आहे. मधल्या बारा कथा म्हणजे त्याला आठवलेले, ऐकलेले, कानावर पडलेले वर्ष. कथांत कालक्रम नाही, बहुतेक ठिकाणी नावे नाहीत. आणि कित्येकदा कोण बोलते आहे हेही सांगितलेले नाही. नुसते आवाज असतात. ‘आपण पोचलो की’ या कथेत उत्तरेकडे निघालेला ट्रक पहाटे बंद पडतो. उभ्या माणसांतला एकेक आवाज पोचल्यावर काय करायचे ते मनाशी बोलतो. कोणाला झोपायचे आहे, कोणाला चांगले काम शोधायचे आहे. मग एक आवाज म्हणतो, पोचणे आणि निघणे एकच झाले आहे, आपण कधी पोचतच नाही.

निव्वळ संवादावर कथा पेलण्याचे हे तंत्र हुआन रुल्फो यांची आठवण करून देते. ‘एल यानो एन यामास’ हा त्यांचा संग्रह १९५३चा. रुल्फोंचे आवाज मात्र एका कोरड्या प्रदेशात रुतलेले असतात. रिवेरांचे आवाज चालत्या ट्रकमधले आहेत आणि त्यांना मागे टाकायलाही गाव नाही.

आता पुन्हा वर्गाकडे येऊ. कोण बोलते आहे हे न सांगणाऱ्या कथेत वाचकाला ते आवाजावरून ओळखावे लागते. शब्दाची मोड, संबोधन, एखादे अर्धवट गिळलेले अक्षर यांवरून हा मुकादम, ही मावशी, हे शाळेत जाणारे पोर असे कळते. हे कोणाला आधी कळेल? ज्याच्या वहीत दोन वर्षे लाल रेघा पडल्या त्यालाच. पुस्तकी स्पॅनिश उत्तम येणारा विद्यार्थी या आवाजांना एकाच पातळीवर ऐकतो, घरून आलेला विद्यार्थी माणसे ऐकतो. रिवेरांचे गद्य वाचकाकडून जी क्षमता मागते ती अभ्यासक्रमाने दोष म्हणून नोंदवलेली असते. मात्र चौकटीचे दोन तुकडे कळायला, तुटलेला काळ जोडायला, दीर्घ आणि अवघड गद्य वाचायची सवय लागते. ती घरून मिळत नाही, वर्गातच मिळते. म्हणून ‘मुलांच्या बोलीला हात लावू नका’ असे म्हणून थांबणारी भूमिका मला अपुरी वाटते. ती दयाळू आहे, पण मुलाला वरच्या मजल्यावर नेत नाही. १९८१ साली ग्वादालुपे वाल्देस आणि सहकाऱ्यांनी द्विभाषक विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याविषयीचे लेख संपादित केले. तेव्हापासून अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळे वर्ग हळूहळू रुळले. तिथे बोली पुसून न टाकता तिच्या शेजारी दुसरी भाषा उभी करायची असते. अमेरिकेतल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

१९७२च्या ‘गोलपिठा’ला तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यातले कित्येक शब्द त्यांना ढसाळांना विचारून घ्यावे लागले होते. जाणता वाचक अडतो आणि अडाणी समजला गेलेला वाचक अडत नाही, हा प्रसंग मराठीला नवा नाही.

रिवेरांच्या पुस्तकाची दुसरी अडचण कप्प्यांची. ते स्पॅनिशमध्ये लिहिलेले, पण लेखक स्पेनचा नाही, लॅटिन अमेरिकेतल्या कुठल्या देशाचाही नाही. १९७०चा पहिला ‘किंतो सोल’ पुरस्कार मिळाल्यावर बर्कलीच्या त्याच नावाच्या छोट्या प्रकाशनाने ते इंग्रजी अनुवादासह काढले. विद्यापीठात ते गेले ते बहुतेक चिकानो अभ्यासाच्या किंवा इंग्रजीच्या विभागात, अनुवादातून. ग्लोरिआ अँझाल्दुआ यांनी ‘बॉर्डरलँड्स’मध्ये (१९८७) लिहून ठेवले आहे की चिकानो साहित्य हा अभ्यासविषय घेऊ द्यावा म्हणून त्यांना मार्गदर्शकांशी भांडावे लागले. त्याआधी, पदवीच्या वर्षांत, विद्यापीठाने चिकानो विद्यार्थ्यांना उच्चार घालवण्यासाठी खास वर्ग सक्तीचे केले होते. म्हणजे इंग्रजीच्या दारातही अडवणूक आणि स्पॅनिशच्याही.

आज चित्र बदलले आहे, आणि बदल चांगलाच म्हणायला हवा. शाळेत असतानाच महाविद्यालयीन पातळीची परीक्षा देता येते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या या स्पॅनिश साहित्य परीक्षेच्या सक्तीच्या ३८ कृतींच्या यादीत ‘लासारिल्यो’ आणि ‘किहोते’च्या पंक्तीला रिवेरा बसले आहेत. न्यू मेक्सिकोचे साबिने उलिबार्री आहेत, रुल्फोही आहेत. रिवेरांच्या मात्र दोनच कथा घेतल्या आहेत: शीर्षककथा आणि ‘नाताळची रात्र’. दुसरीत घराबाहेर पडायला घाबरणारी दोन्या मारीआ मुलांसाठी खेळणी आणायला बाजारात जाते, गर्दीत गोंधळते आणि पैसे न देता दुकानाबाहेर पडल्यामुळे पकडली जाते. कथा उत्तम आहे. पण या दोन सुट्या करून वाचल्या की एक श्रद्धेविषयी आणि दुसरी गरिबीविषयी होते. मग ‘स्थलांतरितांचे जीवन’ या मथळ्याखाली उत्तर लिहून विद्यार्थी मोकळा होतो. हे आवाज घराखाली लपलेल्या एका मुलाच्या डोक्यात जमले आहेत, ते जमवण्यातूनच त्याचे हरवलेले वर्ष त्याला परत मिळते, ही पुस्तकाची मुख्य घटनाच यादीबाहेर राहते. ‘लासारिल्यो’तलेही काही भागच नेमतात हे खरे, पण लासारोची कैफियत क्रमाने चालते आणि तिचा एक भाग दुसऱ्याची चाहूल देतो. रिवेरांच्या कथा चौकटीवाचून एकमेकींना ओळखतही नाहीत.

रिवेरा १९७९ साली रिव्हरसाइड इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चॅन्सेलर झाले आणि १९८४ साली, पन्नाशीच्या आत वारले. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. त्यांनी दुसरी कादंबरी पुरी केली नाही. प्रशासनाने लेखक खाल्ला, असे म्हणणारे आहेत, असेलही. ज्या रचनेत आपल्या भाषेला कप्पा नव्हता तिच्या कार्यालयात जाऊन बसणे हा त्याच कामाचा भाग असू शकतो, असे मी मानतो.

पुस्तकाच्या शेवटाकडे, ‘घराखाली’च्या अलीकडे, बार्तोलो नावाच्या कवीचा अगदी छोटा तुकडा आहे. लोक उत्तरेतून हातात थोडे पैसे घेऊन परततात, त्या दिवसांत हा बार्तोलो गावात येऊन आपल्या कविता विकतो. कवितांत गावातल्याच माणसांची नावे असतात आणि त्या हातोहात खपतात. त्या मोठ्याने वाचा, असे तो गिऱ्हाइकांना बजावतो. नेमलेल्या दोन कथांत हा तुकडा येत नाही. संपूर्ण पुस्तक नेमणाऱ्या एखाद्या अध्यापकाच्या वर्गात तो वाचला जातो, आणि तिथे मोठ्याने वाचायला पहिल्यांदा कोणाला उभे करायचे हे त्या अध्यापकाच्या हातात असते.