बुजलेल्या घोड्याचा होकार

घोडा शिकवणाऱ्याला मराठीत चाबूकस्वार म्हणतात. शब्दात चाबूक आधी येतो, स्वार नंतर. हट्टी माणसाला आपण अडेलतट्टू म्हणतो, पण तट्टू का अडले हे विचारत नाही. निकोलस इव्हान्सच्या 'द हॉर्स व्हिस्परर' (१९९५) या इंग्रजी कादंबरीने आणि त्यावरून रॉबर्ट रेडफर्डने काढलेल्या चित्रपटाने (१९९८) लाखो लोकांना हाच प्रश्न विचारायला लावला. तो प्रश्न दोघांनीही शेवटपर्यंत धरून ठेवला का, याबद्दल मात्र मला शंका आहे.

बर्फाळ सकाळी दोन मुली घोड्यांवरून निघतात आणि एका अवजड ट्रकखाली सापडतात. एक मुलगी जागीच मरते. दुसरीचा, ग्रेसचा, एक पाय कापावा लागतो. तिचा घोडा पिलग्रिम वाचतो, पण असा बुजतो की जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. त्याला मारून टाकण्याचा सल्ला ग्रेसची आई ॲनी धुडकावते आणि मुलीला व घोड्याला घेऊन न्यूयॉर्कहून थेट मोंटानातल्या टॉम बुकरकडे जाते. टॉमची भूमिका स्पष्ट आहे: घोड्यांमुळे त्रासलेल्या माणसांना नव्हे, माणसांमुळे त्रासलेल्या घोड्यांना आपण मदत करतो.

चित्रपटातला सर्वात चांगला प्रसंग या भूमिकेला जागतो. ॲनीचा मोबाइल वाजतो, पिलग्रिम उधळून दूर कुरणात जातो. टॉम त्याच्या मागे धावत नाही. गवतात बसून राहतो. उन्हे उतरेपर्यंत काहीच घडत नाही आणि मग घोडा आपल्या पायांनी त्याच्यापाशी येतो. व्यावसायिक चित्रपटाने एवढा वेळ नुसते बसून दाखवावे, हे धाडसच.

ग्रेसचे पुन्हा घोड्यावर बसणेही सुरुवातीला असेच शांतपणे होते. टॉमच्या पुतण्याच्या सोबतीने ती आधी रँचवरच्या दुसऱ्याच घोड्यावर मांड टाकते. कृत्रिम पाय, गेलेला तोल, आणि ज्याला अपघाताची काहीच आठवण नाही असा एक साधा घोडा. मला हे पुनरागमन पुढच्या भव्य प्रसंगापेक्षा खरे वाटते.

तो भव्य प्रसंग असा. पिलग्रिम शेवटपर्यंत स्वार घेत नाही. तेव्हा टॉम त्याचा एक पाय दोराने वर बांधतो. घोडा झगडतो, घामाघूम होतो, गुडघे टेकतो आणि आडवा होतो. मग ग्रेसला त्याच्याजवळ जायला सांगितले जाते. चित्रपटात ती त्याच्यावर बसते आणि तो तिला घेऊन उठतो. कादंबरीत टॉम तिला समजावतो, की वरून शरणागतीसारखे दिसते ते नेहमी शरणागतीच असते असे नाही. घोड्याने जगणे स्वीकारले आहे. चित्रपटाचा मऊ प्रकाश आणि संगीतही आपल्याला हेच पटवू पाहतात.

मला ते पटत नाही. कुरणात पिलग्रिमला न येण्याची मुभा होती, इथे नाही. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. पळणे हीच त्याची सुरक्षितता. पाय बांधून आडवे केलेल्या अशा प्राण्याच्या स्तब्धतेला होकार म्हणावे की भीतीची शेवटची पायरी, हे आपण सोयीने ठरवतो. सोय ग्रेसची आहे: तिला बरे व्हायचे आहे, म्हणून घोडाही बरा झालेला हवा. इथे पिलग्रिम घोडा राहत नाही, तिच्या दुःखाचा दृष्टान्त होतो. कथेतल्या जनावरांच्या वाट्याला हे नेहमीच येते.

बळाने करवून घेतलेली गोष्ट घोड्याला कळत नाही आणि ती सुंदरही दिसत नाही, असे झेनोफनने अश्वारोहणावरच्या आपल्या ग्रीक पुस्तकात सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. प्लुटार्कच्या कथेतला कोवळा अलेक्झांडरही बुसेफलसला जिंकतो तो घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे हे हेरून. तो त्याचे तोंड सूर्याकडे वळवतो. तिथे आधी कारण सापडते, स्वारी नंतर होते.

कादंबरीचा शेवट अतिनाट्यमय आहे, हे मान्य. एका रानटी घोड्याच्या टापांखाली टॉम मरतो. तरी जिच्याकडून कोणी होकार काढलेला नाही अशी एक घोड्याची जात इथे शिल्लक राहते. रेडफर्डने तो मृत्यू वगळला. ॲनीची कोंडी त्यामुळे अधिक प्रौढ झाली, पण घोड्यांचा नकार कथेतून निघूनच गेला.

तो परत आला सिंडी मील यांच्या 'बक' (२०११) या माहितीपटात. बक ब्रॅनामन हे रेडफर्डच्या चित्रपटाचे अश्वसल्लागार होते. लहानपणी वडिलांचा बेदम मार खाल्लेल्या या माणसाला भीती बाहेरून शिकावी लागली नाही. त्यांच्या शिबिरात एक तरुण घोडा आणला जातो. जन्मताच आई गेलेली, माणसांत वाढलेला, कसलीच मर्यादा न शिकलेला. तो एका मदतनिसाच्या डोक्याला चावतो आणि चेहरा रक्ताने माखतो. अखेर घोड्याला मारून टाकायचे ठरते. माणसे या घोड्याला कमी पडली, हे ब्रॅनामन मालकिणीसमोर आडपडदा न ठेवता सांगतात. इथे कोणी बरे होत नाही आणि संगीत मदतीला धावत नाही. घोडा परत न्यायचा असतो, म्हणून ब्रॅनामन त्याला ट्रेलरमध्ये चढवायला घेतात. तो कुठे चालला आहे ते त्यांना ठाऊक असते. तरीही ते घाई करत नाहीत.