किनाऱ्याची परिक्रमा : पायी चाललेल्या साहित्याविषयी

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही १० जानेवारी २०२० रोजी, जिल्ह्याचे नाव अद्याप उस्मानाबाद असताना, तेथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद समुद्रकाठच्या एका माणसाकडे होते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या रूपाने एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच लाभला. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिलेले होते. वसईचा किनारा आणि तेरची माती यांची ही गाठ अनेकांना अपूर्व वाटली. वस्तुतः ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासग्रंथात तगर, म्हणजे आजचे तेर, आणि वसईजवळचे सोपारा या दोहोंचाही उल्लेख आहे. तगरचा माल गाड्यांवर लादून, नीट वाटही नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत नेत, असे तो सांगतो. समुद्र नसलेल्या गावालाही समुद्राची वाट ठाऊक होती.

फादर दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या त्या अध्यक्षपदाचे स्मरण करताना माझ्या मनात एक वाङ्मयीन प्रश्न वारंवार येतो. चालणे हा मराठी माणसाचा धर्म आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. याच धाराशिव जिल्ह्यात कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर अंतर माणसे रात्रंदिवस पायी तोडतात. आषाढीची वारी तर सर्वश्रुत आहे. मग या चालण्यातून आपल्या साहित्याला काय मिळाले? आणि काय मिळायचे राहून गेले?

वारीने आपल्याला दोन मोलाच्या कृती दिल्या. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक. इरावतीबाई समाजशास्त्रज्ञ होत्या. पण त्या लेखाचे बळ शास्त्रात नसून, एकाच दिंडीत एकच अभंग गाणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे पाहून त्यांना झालेल्या दुःखात आहे. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर चालले, आणि १९६४ साली त्यांचे पुस्तक आले. आपण भक्त की प्रेक्षक, हा प्रश्न त्यांनी सोडवल्याचा आव आणला नाही. त्यांचा प्रामाणिकपणा हाच त्या पुस्तकाचा अलंकार होय. दोन्ही कृतींत पंढरपूर हे गंतव्य आहे, पण खरे लेखन वाटेवरच घडले आहे. पोहोचल्यानंतर मात्र लेखणी थबकते. माणूस घरी परतला, त्याच जातीच्या, त्याच गल्लीच्या घरी, तेव्हा त्याचे काय झाले? हे वारीच्या साहित्याने आपल्याला फारसे सांगितलेले नाही.

ज्या चालण्याला गंतव्यच नाही, जेथून निघायचे तेथेच परत यायचे, अशी परंपरा नर्मदा परिक्रमेची. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर धरून होणाऱ्या या फेरीला परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस सांगितले आहेत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीत हा नियमच कथानकाचा कणा झाला आहे. परिक्रमावासीला गुंतून राहता येत नाही, म्हणून यशोदेच्या भेटीतच तिचा वियोग लिहिलेला असतो. नियम आणि माया यांचा हा झगडा गोनीदांनी ज्या ताकदीने उभा केला, त्याला तोड नाही. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ हे पुस्तक त्याहून कितीतरी अधिक घरांत पोहोचले. परंतु समीक्षकाने येथे स्पष्ट बोलले पाहिजे. त्यात अद्भुत अनुभवांची इतकी दाटी आहे की पायाखालची वाट हरवते. चमत्काराला विरोध करण्याचे मला, एका श्रद्धावंत वाचकाला, कारण नाही. तक्रार एवढीच, की दगड, चिखल, भूक आणि भाकरी देणारे हात हे चमत्काराच्या झोतात फिके पडतात. आणि चालण्याच्या साहित्याचे खरे द्रव्य तर तेच असते.

नर्मदेच्या पात्रात ओंकारेश्वरचे मांधाता बेट आहे. परिक्रमावासीला वाटेत त्या बेटावर पाऊल ठेवता येत नाही, कारण तेथे जाणे म्हणजे नदी ओलांडणे. फेरी पूर्ण झाल्यावरच तो तेथे जाऊन जल अर्पण करतो. नदीच्या परिक्रमेत बेट हे असे शेवटासाठी राखलेले असते. पण बेटाचीच परिक्रमा असेल तर? जपानमधील शिकोकू बेटाभोवती ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची पायी यात्रा आहे. यात्रिकाच्या टोपीवर ‘दोघे बरोबर चालत आहेत’ अशा अर्थाचे शब्द असतात. दुसरा म्हणजे आठव्या-नवव्या शतकांतील संत कोबो दाइशी. वाटेवरचे गावकरी यात्रिकाला अन्न, फळे, कधी नाणी देतात. शेवटचे मंदिर झाल्यावर पुष्कळ यात्रिक पहिल्या मंदिरात पुन्हा जातात. वर्तुळ पुरे करून कृतज्ञता व्यक्त करतात. वेल्समधील अँगलसी बेटाभोवतीची सुमारे २०० किलोमीटरची किनारवाटही होलीहेड येथील, सहाव्या शतकातील एका संताच्या नावाच्या चर्चपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. अशा वाटेवर समुद्र एका बाजूला कायम राहतो. मधून जाणारा जवळचा रस्ता दिसत असतो, पण तो घ्यायचा नसतो. आपल्या भूमीची कड पूर्ण पाहिल्याखेरीज ती आपली म्हणायची नाही, असा जणू त्या चालण्याचा करार आहे.

‘दोघे बरोबर’ हे शब्द वाचून आपल्यापैकी कोणाला एम्माउसची वाट आठवणार नाही? संत लूकच्या शुभवर्तमानातील ते दोन शिष्य खिन्न होऊन जेरुसलेमहून निघतात, अनोळखी सोबती त्यांना वाटेत भेटतो, भाकर मोडताना ओळख पटते. प्रवचनांत आपण बहुधा येथेच थांबतो. पण कथा येथे संपत नाही. ते त्याच घटकेला उठतात आणि, रात्र झालेली असूनही, जेरुसलेमला परत जातात. ज्या गावातून निराश होऊन निघाले त्याच गावात साक्षीदार होऊन येतात. एम्माउस हे गंतव्य नव्हे. परतणे हेच त्या कथेचे शिखर आहे. पायी प्रवासाच्या कोणत्याही पुस्तकाला हीच कसोटी लावावी, असे मला वाटते. लेखक कोठवर गेला हे दुय्यम. परत आल्यावर त्याला आपली भूमी कशी दिसली, हे मुख्य.

या कसोटीवर आपणा ख्रिस्ती लेखक-वाचकांचेही एक देणे उरते. आपण पवित्र भूमीची प्रवासवर्णने लिहिली आणि आवडीने वाचली. स्वतः फादर दिब्रिटोंचे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे त्यांतले महत्त्वाचे पुस्तक. पण ज्या वसईला पोर्तुगीज काळात बेट म्हणत, तिची कड कोणी चालून लिहावी? उत्तरेला वैतरणेचे मुख, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला सोपाऱ्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव, किल्लाबंदर ही नावे एका ओळीत उच्चारली तरी पावलांना वाट सापडते. कोळीवाड्यांतील सुकत घातलेली मासळी, वाड्यांतील केळी आणि पानवेली, वाटेवरचे क्रूस, १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, आणि वाडी विकून उभ्या राहिलेल्या इमारती, हे सारे त्या पुस्तकात यावे लागेल. हरित वसईसाठी फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले, कारण त्यांना ही कड ठाऊक होती. जी कड कोणी चालत नाही तिची मोजणी केवळ बांधकाम व्यावसायिक करतात.

असे पुस्तक लिहिणाऱ्याने एक पथ्य मात्र पाळावे. आपल्याच अंगणाचे कौतुक करून थांबू नये. इरावतीबाईंना दिंडीतील वेगळ्या पंगती बोचल्या. तशा आपल्या धर्मग्रामांतील अदृश्य पंगतीही त्याला दिसल्या पाहिजेत. त्याचे लेखन धाराशिवच्या वाचकालाही आपले वाटले पाहिजे. कळंब नावाचे गाव त्याच्याही जिल्ह्यात आहे. त्याने समुद्र पाहिलेला नसेल. पण निघणे आणि परतणे त्याला आपल्याइतकेच कळते.