सोनेरी पिंजऱ्याची एकच बाजू

वर्गातली हुशार, नीटनेटकी, कधीच तक्रार न येणारी मुलगी हळूहळू वाळत जाते. डबा न उघडताच घरी नेते. ‘अभ्यासाचा ताण असेल’ असे म्हणून आपण पुढे जातो. अशाच मुलींविषयी मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी लिहिलेले ‘द गोल्डन केज’ हे पुस्तक १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये.

‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी १८७३ साली वापरले. त्याचा अर्थ मानसिक कारणाने भूक नाहीशी होणे. हे नावच दिशाभूल करणारे आहे, हे ब्रूख नेमके दाखवतात. या मुलींना भूक लागते. त्या भुकेशी झगडत असतात. सतत इतरांच्या अपेक्षा पुऱ्या करणाऱ्या मुलीला आपल्या हाती काहीच नाही असे वाटते. निदान शरीर तरी आपल्या ताब्यात असावे म्हणून ती अन्न नाकारते, अशी ब्रूख यांची मांडणी आहे. सधन घरातल्या एका मुलीला आपण सोन्याच्या पिंजऱ्यातली साधी चिमणी आहोत असे वाटे. त्यावरून पुस्तकाचे नाव आले.

पुस्तकाची उणीवही इथेच आहे. ब्रूख यांच्या रुग्ण बहुतेक सुखवस्तू घरांतल्या. उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. त्यामुळे ‘हे श्रीमंतांचे दुखणे’ असा समज होतो आणि साध्या शाळेतली मुलगी, किंवा मुलगा, नजरेतून सुटतो. शिवाय दोषाचा रोख आईवडिलांकडे जातो. पण मूल जेवत नसेल तर कोणते घर तणावाखाली नसेल? तो ताण कारण की परिणाम?

अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. ते उदास, चिडचिडे झाले. त्यांना सतत थंडी वाजे, मनात अन्नाचेच विचार येत. काहीजण तर पाककृती जमवू लागले! म्हणजे या आजाराची कित्येक लक्षणे उपासमारीनेच निर्माण होतात आणि आजार स्वतःला पोसत राहतो. ब्रूख उपासमारीचा उल्लेख करतात, पण घराचे चित्र रंगवताना तो मागे पडतो. पुढे २०१९ साली सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी निगडित ८ स्थाने सापडली. चयापचयाशीही त्याचे नाते दिसले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली उपचारपद्धती तर पालकांनाच उपचारात भागीदार करते.

दुखणे साधे नाही. नाडी मंदावते, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवतो. म्हणून वर्गात कुणाच्या वजनावर शेरे नकोत, बारीक झाल्याचे कौतुकही नको. शंका आली तर पालकांना दोष न देता बोलवावे आणि लवकर डॉक्टरांकडे पाठवावे. ब्रूख यांनी मुलीचे म्हणणे ऐकायला शिकवले. पिंजरा कुणी बांधला याचा निवाडा मात्र घाईने करू नये.