नोकरी गेलेला बाप आणि आपलं नाटक

मराठी रंगभूमीने लपवाछपवी हसण्यासाठी राखून ठेवली आणि बेकारी रडण्यासाठी. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगी येऊ शकतात, नोकरी गेलेला एखादा बाप रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघू शकतो आणि संध्याकाळी ठरल्या वेळी परत येऊ शकतो, हे आपल्या लेखकांनी फारसं मनावर घेतलं नाही. कोरियन कौटुंबिक मालिका आता बेळगाव-निपाणीच्या घराघरांत मोबाईलवर पाहिल्या जातात. त्यातला असा बाप पाहून आपल्या आयाबहिणी डोळे पुसतात, तेव्हा ही उणीव मला फार जाणवते.

लपवण्याची आपली परंपरा फार्सची. बबन प्रभूंच्या 'झोपी गेलेला जागा झाला'पासून 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटापर्यंत थाप मारायची, ती पचवायला दुसरी मारायची, दार वाजलं की धावपळ करायची. या कारागिरीला तोड नाही. 'बनवाबनवी'तल्या मुलांपुढचा प्रश्न तर खराच होता, त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. पण तो हसण्यात विरघळतो, आणि प्रेक्षकाचीही तीच अपेक्षा असते.

दुसरी परंपरा गडकऱ्यांची. 'एकच प्याला' (१९१९) हे दारूचं नाटक म्हणून आपण शंभर वर्षं पाहत आलो. पण सुधाकर हा आधी काम गमावलेला माणूस आहे. कोर्टात मानहानी होते, वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि मग पेला हातात येतो. तो उतरणीला लागतो आणि घर चालवायला त्याची बायको सिंधू दळणाला बसते. सनद गेल्याची बातमी घेऊन घरी कसं जायचं, ही पहिल्या रात्रीची तगमग मात्र नाटकाला नको होती. गडकऱ्यांना व्यसनाबद्दल बोलायचं होतं, तो त्यांचा अधिकार. तक्रार त्यांच्यानंतरच्यांबद्दल आहे. काम गेलं की बाटली, ही वाट एवढी मळली की दुसरी कुणी पाडलीच नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने (१९९७) १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची राख घरात आणून दाखवली. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप. नाटक थोर आहे, त्यावरचा चित्रपट 'लालबाग परळ' (२०१०) बराच भडक. पण 'अधांतर'चं घर पेलते ती आई, आणि त्यातली बेकारी सगळ्या चाळीला ठाऊक असलेली. तिथे लपवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

कोरियन लेखकांना हा बाप सापडला तो १९९७ च्या आर्थिक संकटात. तिथली बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आतून वर्षभरात सातच्या घरात गेली. जन्मभराची समजलेली नोकरी गेलेले पुरुष सूट घालून घराबाहेर पडत आणि दिवस बागेत नाहीतर डोंगरावर काढत. ही जखम तिथल्या मालिकांनी वर्षानुवर्षं उघडी ठेवली. 'रिप्लाय १९८८'मधला बाप बँकेत नोकरीला, पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. मुदतीआधी निवृत्ती घ्यावी लागते तेव्हा मुलंच त्याला मानपत्र देतात. प्रसंग भाबडा होण्याचा धोका पुरेपूर होता. तसा तो होत नाही, कारण तोवर आपण त्याचा पगार, त्याचं पिणं, रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांकडून नको त्या वस्तू विकत घेण्याचा त्याचा हळवेपणा, सगळं पाहिलेलं असतं.

या विषयातला सर्वांत कठोर चित्रपट मात्र जपानी आहे, कियोशी कुरोसावांचा 'टोकियो सोनाटा' (२००८). त्यात नोकरी गेलेल्या नायकाला त्याच अवस्थेतला जुना मित्र भेटतो. त्याने आपला फोन तासाला पाच वेळा आपोआप वाजेल असा लावून ठेवलाय. फोन वाजला की तो कानाला लावतो आणि कामाचं बोलू लागतो. फार्समध्ये या युक्तीवर टाळी पडली असती. इथे तिसऱ्यांदा फोन वाजतो तोवर अंगावर काटा येतो. पुढे नायकाची बायको त्याला फुकटच्या जेवणाच्या रांगेत पाहते आणि घरी येऊन काही बोलत नाही. लपवणारे आता दोघं झाले. दिग्दर्शक बापाची कीव करत नाही आणि त्याला माफही करत नाही. घरात त्याची मुलावर चालणारी अरेरावी आपल्याला पाहावी लागते.

हा बाप आपल्या सीमाभागात आणायचा तर तो कुठे राहतो हे आधी ठरवावं लागेल. बेळगावच्या वडगाव, खासबागेत माग घरातच. तो थांबला की सगळ्या गल्लीला कळतं, तिथे काय लपवणार? निपाणीच्या तंबाखूत हंगाम संपला की काम संपतं, त्यात कुणाला नवल वाटत नाही. लपवणं शक्य होतं ते महिन्याच्या पगारावर, पाळीवर जाणाऱ्याला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये जाणारा माणूस घ्या. रात्रपाळी आहे म्हणून निघालेला माणूस पहाटेपर्यंत कुठे बसेल? कपड्यांना तेलाचा डाग आणि कोळशाचा वास नसेल तर धुणाऱ्या बाईला पहिल्याच आठवड्यात संशय येईल. नाटक इथे सुरू होतं, आणि कारखान्यात काय चालतं हे माहीत असल्याशिवाय ते लिहिता येणार नाही.

काम सुटण्याचा नेमका क्षण आपल्या बाजूच्या एका कथेत आहे. निपाणीपलीकडच्या कागलचे आनंद यादव यांच्या कादंबरीवरच्या 'नटरंग'मध्ये (२०१०) विहिरीवर इंजिन येतं, मोट थांबते आणि नायक गुणाच्या हातचं काम जातं. हा भाग इतका नेमका आहे की चित्रपट लगेच तमाशाच्या फडाकडे वळतो तेव्हा मला चुटपुट लागते. पण गुणाची गोष्ट कलेच्या वेडाची आहे, ती दुसरी होणं शक्य नव्हतं.

आणि बायको? सिंधूचा साचा इथे चालणार नाही. युगांतर या बंगळूरच्या गटाने १९८२ मध्ये निपाणीच्या वखारींतल्या बायकांवर, त्यांच्याच सहभागातून, 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा छोटा माहितीपट केला. त्याआधीच्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबार झाला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. वखारीच्या आत मात्र कॅमेरा घेऊन गेले ते बाहेरचे लोक. त्या माहितीपटातल्या बायका मजुरीबद्दल, मालकाबद्दल, संघटनेबद्दल थेट बोलतात. अशा कमावत्या बाईच्या घरात नवरा नोकरी गेल्याचं लपवतो तेव्हा भाकरीचा प्रश्न दुय्यम होतो, कारण भाकरी तीही आणते. तो आपली घरातली जागा लपवत असतो. हे कोरियन मालिकांनाही सहसा जमलेलं नाही, तिथली आई बहुधा घरात वाट पाहणारी. हा फरक ज्याला दिसेल त्याला नक्कल करावी लागणार नाही.

दैनंदिन मराठी मालिकेकडून मला ही आशा नाही. तिच्यात ऑफिस असतं, काम नसतं, आणि रोजच्या भागाला शेवटी धक्का लागतो. कोरियन मालिका बहुधा थोड्या, आधी ठरवलेल्या भागांत संपते, म्हणून एका गुपिताला सावकाश पिकायला जागा मिळते. एकांकिकेतही गुपित फुटण्याच्या प्रसंगावरच सगळी भिस्त असते, आणि इथे फुटणं सर्वांत कमी महत्त्वाचं आहे. हा विषय दोन अंकी नाटकाचा आहे. ज्यांचे वडील उद्यमबागेत पाळीवर जात होते अशी लिहिती मुलं बेळगावात आहेत. त्यांनी पहिला अंक संपण्याआधीच बायकोला सगळं कळू द्यावं आणि दुसरा अंक तिच्या हाती सोपवावा.